मागून मोजायचे दिवस

कालनिर्णयावर मी दर महिन्याला दोन खुणा करायचे. पाळी आली की त्या तारखेवर फुली, आणि तिथून चौदा दिवस मोजून एक गोल. कॅलेंडर स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला टांगलेलं, येणारा-जाणारा बघणार, म्हणून गोल पेन्सिलीने आणि अगदी बारीक काढायचे. आत्यांच्या नजरेला पडू नये एवढीच काळजी. (आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात.) ऑगस्ट २०२२ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत, दोन वर्षं हे चाललं.

दिवस राहायला चौदावा दिवस धरायचा, हे मला कोणी सांगितलं ते नेमकं आठवत नाही. शाळेच्या पुस्तकात अठ्ठावीस दिवसांच्या चक्राची आकृती होती, मधोमध चौदा लिहिलेलं. मैत्रिणी तेच सांगायच्या. माझी पाळी मात्र अठ्ठावीस दिवसांनी कधी आलेलीच नव्हती. तेहतीस, पस्तीस, कधी सदतीस. कॉलेजपासून तसंच. आई म्हणायची, "तुझं जरा लांबतं," आणि विषय तिथंच संपायचा. मीही कधी विचार केला नाही की पाळी लांबते तर तो मधला दिवसही लांबत असेल. दिवसभर मी दुसऱ्यांचे हिशेब तपासते. तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आवक-जावक, भाडं, सौद्याच्या पट्ट्या माझ्याकडे असतात. तिथं शंभर रुपयांचा फरक आला तरी मी रात्री आठपर्यंत बसते.

लग्न डिसेंबर २०२१ मधलं. मी तेव्हा २८ वर्षांची, हे ३२. यांची सावळजच्या बाजूला अडीच एकर द्राक्षबाग आहे आणि घर तासगावात. पहिले सहा-सात महिने आम्हीच थांबायचं ठरवलं होतं. त्यानंतर थांबलो नाही, तरी दिवस राहिले नाहीत.

घरातलं वातावरण वाईट होतं असं मी म्हणणार नाही. आत्यांनी मला तोडून कधी बोललं नाही. औदुंबरला दत्ताला नेलं, पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला नेलं, मी मनापासून गेले. बाहेरच्यांचं वेगळं. भावकीत एका डोहाळजेवणाला ओटी भरायला बायका ओळीने उठत होत्या. माझा नंबर आला तशी एक वयस्क बाई म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे गं पोरी, बस खाली." सगळ्यांसमोर. मी तबक हातात धरून तशीच उभी. आत्या मागून आल्या, माझ्या हाताला धरून पुढं नेलं आणि म्हणाल्या, "भर तू." माझ्या हातातला नारळ घसरत होता, तो त्यांनी खालून धरला. घरी येईपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

जुलै २०२४ मध्ये आम्ही पहिल्यांदा डॉक्टरकडे गेलो. कोणीतरी सुचवलेलं, मोठ्या शहरातलं, मोठी काच असलेलं सेंटर. तिथं पाळीच्या तारखा कोणी विचारल्या नाहीत. रक्त घेतलं, सोनोग्राफी झाली, आणि दोन दिवसांनी समोरच्या बाईंनी एका आकड्याखाली पेनाने रेघ ओढली. एएमएच, रक्तातलं एक संप्रेरक, १.२. "वयाच्या मानाने अंडी कमी आहेत. वेळ घालवू नका, थेट टेस्ट ट्यूबला जा." खर्चाचा कागद तयारच होता. यांची तपासणी लिहून दिली नव्हती, आम्हीही विचारलं नाही. परत येताना गाडीत मी एकच हिशेब करत होते, बाग गहाण टाकली तर किती येतील.

पैसे जमवायला महिनाभर लागला असता, तो महिना आमच्या उपयोगी पडला. माझ्या मोठ्या बहिणीने मिरजेतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमचं नाव दिलं. मिरज आमच्याकडं दवाखान्यांचं गाव. तिथं मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉ. वॉन्लेस यांच्या काळापासून सगळा परिसर औषधपाण्याला तिथंच जातो. एक दुसरं मत घ्यावं, एवढ्यासाठी आम्ही गेलो.

मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा सांगता येतील?" मी पर्समधून वही काढली. कॅलेंडरवरच्या फुल्या मी त्या वहीतही उतरवत होते, दोन वर्षांच्या एकवीस ओळी. मॅडमनी वही घेतली, एकेका ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मग जवळ कधी येता?" मी खाली बघत सांगितलं, तेरावा-चौदावा-पंधरावा दिवस. यांच्या आईवडिलांसमोर बसल्यासारखं मला वाटत होतं. मॅडमना त्यात लाजण्यासारखं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी कागद ओढला.

"पुढून मोजू नका, मागून मोजा," त्या म्हणाल्या. बीज, म्हणजे बाईचं अंडं, सुटल्यानंतर पुढची पाळी यायला बहुतेकींना बारा ते चौदा दिवस लागतात, हा मागचा भाग फारसा हलत नाही. पाळी लांबते ती बीज तयार व्हायला वेळ लागतो म्हणून, म्हणजे पुढचा भाग लांबतो. पस्तीस दिवसांची पाळी असेल तर पस्तीसमधून चौदा वजा, एकविसावा दिवस. माझं कधी तेहतीस, कधी सदतीस, म्हणजे बीज एकोणीस ते तेविसाव्या दिवसाच्या दरम्यान. मी गोल करत होते चौदाव्याला.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. सुटलेलं बीज बारा ते चोवीस तासच टिकतं. शुक्रजंतू मात्र बाईच्या शरीरात तीन ते पाच दिवस जिवंत राहू शकतात. म्हणून महिन्यातले मोजून सहा दिवस कामाचे, बीज सुटायच्या आधीचे पाच आणि तो दिवस. त्यातही आधीचे दोन दिवस सगळ्यात चांगले. बीज सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून संधी जवळजवळ नाहीच. "एसटी स्टँडवर थोडाच वेळ थांबते," मॅडम म्हणाल्या, "आपण आधी जाऊन बसायचं." हे तोवर गप्प होते. ते एकदम म्हणाले, "मग आम्ही गेली दोन वर्षं एसटी यायच्या आधीच घरी जात होतो."

मागून मोजण्याची ही रीत पुढे मी वाचली. जपानमध्ये निगाता इथं काम करणाऱ्या क्यूसाकू ओगिनो नावाच्या डॉक्टरांनी १९२४ साली ती मांडली, पुढची पाळी येण्याआधी बारा ते सोळा दिवसांत बीज सुटतं म्हणून. माझी आजी तेव्हा जन्मायची होती. आणि तिच्या नातीला, पदवीधर नातीला, ते तीस वर्षांची झाल्यावर कळलं. याचा मला राग येतो, अजून येतो. आम्हाला पाळी कशी लपवायची ते शिकवलं, कशी वाचायची ते शिकवलं नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मॅडमनी विचारलं, महिन्याच्या मध्ये कधी चिकट, पारदर्शक स्राव जातो का, अंड्याच्या आतल्या पांढऱ्या भागासारखा, दोन बोटांत ताणला तर तार धरणारा? जायचा. दर महिन्याला जायचा, तीन-चार दिवस. आमच्याकडं त्याला अंगावरून जाणं म्हणतात आणि ते दुखणं समजतात. शक्तीपात होतो, हाडं झिजतात असं ऐकत मी मोठी झाले. मी त्यासाठी मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या होत्या, तांदळाचं धुवण प्यायले होते. आणि त्या दिवसांत तब्येत बरी नाही म्हणून मी यांना लांब ठेवायचे. मॅडम म्हणाल्या, खाज, वास, रंग नसेल तर ते दुखणं नाही. बीज सुटायची वेळ जवळ आली की शरीर तो स्राव तयार करतं, शुक्रजंतूंना आत जायला वाट करून देण्यासाठी. म्हणजे माझं शरीर दर महिन्याला मला सांगत होतं, आणि मी ते आजार समजून बंद करायला बघत होते. त्या खुर्चीत बसून मला रडू आवरेना. हे उठून बाहेर जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले.

एएमएचचं त्यांनी असं समजावलं की तो गोदामातला साठा आहे. साठा किती, एवढंच तो आकडा सांगतो. या महिन्यात दिवस राहतील का, हे तो सांगत नाही, कारण महिन्याला बाहेर पडणारं बीज बहुधा एकच, आणि साठा थोडा असला तरी ते एक पडतंच. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचं त्यांनी सांगितलं. ३० ते ४४ वयाच्या, आधी वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या साडेसातशे बायका होत्या. एएमएच कमी असलेल्यांना वर्षभरात दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. टेस्ट ट्यूब करायचीच झाली तर इंजेक्शनांना बीजकोश किती साथ देतील, याचा अंदाज घ्यायला तो आकडा खरा उपयोगी. साठ्याचा आकडा बघून कोणी विक्रीचा अंदाज बांधला तर आमच्या कोल्ड स्टोरेजचा मालक त्याला दारात उभा करणार नाही. हे मला लगेच पटलं.

पहिल्या भेटीत त्यांनी औषध दिलं ते फक्त फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या आधीपासून घ्यायचं म्हणून. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन तपासलं, दोन्ही ठीक निघालं. आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, पुढच्या पाळीला फॉलिक्युलर स्टडी. दोन, यांची तपासणी. "दोघांचीही तपासणी झाल्याशिवाय मी पुढचं काही बोलणार नाही. मूल न राहण्याच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर सापडतं." यांनी मान हलवली. घरी आल्यावर तो कागद कपाटात गेला.

फॉलिक्युलर स्टडी म्हणजे एक दिवसाआड सोनोग्राफी. बीज ज्या पाण्याच्या पिशवीत वाढतं तिला फॉलिकल म्हणतात, ती किती वाढली ते बघायचं. मी सकाळी सहाची एसटी धरायचे आणि साडेदहाला कामावर हजर व्हायचे. "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" ही पाटी लावलेल्या भिंतीखाली बाक होता. त्या बाकावर पोट मोठं झालेल्या बाया आणि माझ्यासारख्या, एकत्र बसायच्या. बाराव्या दिवशी पडद्यावर सगळे बारीक काळे ठिपके, कुठला पुढं येणार कळत नव्हतं. चौदाव्या दिवशी, माझ्या गोलाच्या दिवशी, उजवीकडं एक ठिपका जरा मोठा दिसला. ११ मिलिमीटर. "अजून कच्चं आहे," मॅडम म्हणाल्या. दिवसाला साधारण दोन मिलिमीटर वाढतं आणि अठरा ते चोवीसच्या दरम्यान फुटतं. सोळाव्या दिवशी १५. अठराव्या दिवशी १८. विसाव्या दिवशी २२, काळं, गोल, कडा स्वच्छ, पिकलेल्या द्राक्षाच्या मण्यासारखं. मी मॅडमना पडदा माझ्याकडं वळवायला सांगितला आणि बघतच राहिले. त्या दिवशी घरी लघवीची पट्टी लावली, दोन्ही रेषा सारख्या गडद आल्या. म्हणजे पुढच्या चोवीस ते छत्तीस तासांत बीज सुटणार. बाविसाव्या दिवशी तिथं गोल नव्हता, एक सुरकुतलेली आकृती आणि मागं थोडं पाणी. "फुटलं," मॅडम म्हणाल्या.

मला औषधाशिवाय बीज तयार होत होतं, वाढत होतं, फुटत होतं. फक्त मी समजत होते त्याच्या आठवडाभर नंतर.

यांचा कागद अजून कपाटात होता.

ज्यांची बाग नाही त्यांना सांगायला हवं. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आमच्याकडं काड्या तपासायला देतात. उन्हाळ्यात खरड छाटणी होते, त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. तो बाहेरून दिसत नाही. प्रयोगशाळेत डोळा उभा कापून मायक्रोस्कोपखाली बघतात, घड आहे का, आणि असेल तर कितव्या डोळ्यावर. त्यावर छाटणी कुठं घ्यायची ते ठरतं. न तपासता छाटलं आणि घडाचा डोळाच कापून गेला तर वर्ष गेलं.

सप्टेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी हे ओसरीवर बसून काड्यांना चिठ्ठ्या बांधत होते, कुठली काडी कुठल्या ओळीतली. मी चहा घेऊन गेले आणि तिथंच बसले. म्हटलं, "काडीत घड हाय का न्हाई ते छाटायच्या आधी बघून घेता. मग माझंच किती दिवस तपासायचं?" ते काही बोलले नाहीत. चिठ्ठ्या बांधायचंही थांबलं नाही. रात्री जेवण झाल्यावर ताट सरकवत म्हणाले, "मिरजेला कधी जायचं?" आणि थोड्या वेळाने, अंधारात, "माझ्यातच काय नसलं तर?" मी म्हटलं, "नसलं तर कळंल. कळलं तर काहीतरी करता येईल."

वीर्याचा नमुना शेवटच्या वीर्यपातानंतर दोन ते सात दिवसांनीच द्यायचा असतो. फार साठवलं की जोर वाढतो, असं बरेच पुरुष समजतात. उलट जास्त दिवस झाले की हालचाल मंदावते. घरून नेता येतो, पण तासाभराच्या आत, अंगाच्या उबेत पोचवावा लागतो. तासगावहून ते जमणार नव्हतं, म्हणून लॅबमध्येच. तिथल्या काउंटरवरच्या मुलाने सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं ओरडून विचारलं, "सिमेनवाले कोण?" हे उठले, डबी घेतली, गेले. बाहेर आले तेव्हा कान लाल झाले होते. तो मुलगा हळू बोलला असता तर काही बिघडलं नसतं. कितीतरी पुरुष या एका हाकेच्या भीतीने परत जात असतील.

रिपोर्टमध्ये मिलिलीटरला ९० लाख शुक्रजंतू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतली खालची रेषा १ कोटी ६० लाखांची. हालणारे शंभरात २८, रेषा ४२ ची. येताना यांनी गाडी कृष्णाघाटाकडं वळवली. पायरीवर बसून पाण्याकडं बघत राहिले. खूप वेळाने म्हणाले, "आईला सांगू नको." मी सांगितलं नाही. दोन महिन्यांनी त्यांनीच सांगितलं.

मॅडमनी रिपोर्ट बघून पहिलं विचारलं, "मागच्या दोन-तीन महिन्यांत ताप?" ऑगस्टमध्ये यांना डेंग्यू झाला होता, पाच दिवस १०३ पर्यंत ताप. त्या म्हणाल्या, मग या एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही. एक शुक्रजंतू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात, वर बाहेर यायला आणखी काही. आज डबीत दिसतं ते अडीच-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं असतं. ताप, उष्णता, तंबाखू, सगळ्याचा परिणाम तेवढ्या उशिराने दिसतो. शिवाय ती रेषा म्हणजे पास-नापासाची नव्हे. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांतले सगळ्यात खालचे पाच टक्के जिथं होते, तिथं ती ओढलेली आहे. रेषेखालीही मुलं होतात, वेळ जास्त लागतो. हे यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं. उन्हाळ्यातल्या ढगाळ हवेचा फटका दिवाळीनंतर घडात दिसतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

तंबाखूचा मावा सोडायचा, फवारणीला मास्क आणि हातमोजे घालायचे, औषध अंगावर पडलेल्या कपड्यांनी घरात वावरायचं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. एवढंच. मावा सोडताना यांचे काय हाल झाले ते मी बघितलं आहे. पहिले पंधरा दिवस हातात काहीतरी लागायचं, म्हणून खिशात बेदाणे घेऊन फिरायचे.

त्या ऑक्टोबरात एका रविवारी आम्ही दोन वह्या समोरासमोर ठेवल्या. एक माझी पाळीची. दुसरी यांची फवारणीची. युरोपला माल पाठवायचा तर कुठल्या तारखेला काय मारलं ते लिहून ठेवावंच लागतं. त्या वहीच्या कडेला हे लाईटच्या पाळ्याही लिहितात, आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री असते. रात्रीची लाईट असली की हे बागेतच झोपतात. छाटणीनंतर पहाटेच्या फवारण्या, डिपिंगचे, म्हणजे घड औषधात बुडवायचे दिवस, माल तयार झाला की राखण. मी प्रत्येक पाळीतून चौदा वजा करून बीजाचा अंदाजे दिवस लिहिला, त्याच्या आधीच्या पाच दिवसांखाली रेघ मारली, आणि हे त्यांच्या वहीतून तारखा वाचत गेले. "बागेत. बागेत. घरी. बागेत. त्या आठवड्यात तू माहेरी." त्यात मी तब्येत बरी नाही म्हणून लांब राहिलेले दिवस मिळवले. एकवीस ओळींपैकी सहा ओळी उरल्या, ज्यात खरोखर काही होण्यासारखं होतं. त्यातल्या दोन कडेच्या.

दोन वर्षं झाली, दोन वर्षं झाली, असं सगळे म्हणत होते. आम्हीही म्हणत होतो. खरा हिशेब सहा महिन्यांचा निघाला.

आणि महिन्याचा हिशेबही मला कोणी सांगितला नव्हता. मला वाटायचं, सगळं नीट असेल तर त्या महिन्यात दिवस राहिलेच पाहिजेत. नाही राहिले म्हणजे दोष आहे. तब्येतीने चांगल्या, तरुण जोडप्यालाही योग्य दिवस साधून एका महिन्यात शंभरात वीस-पंचवीसच संधी असते. मी वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. शंभर जोडपी धरली, दर महिन्याला वीस टक्के. पहिल्या महिन्यात वीस गेली, ऐंशी राहिली. दुसऱ्यात सोळा, चौसष्ट राहिली. मग एक्कावन्न, एक्केचाळीस, तेहतीस, सव्वीस. सहा महिन्यांनंतरही शंभरातली सव्वीस जोडपी, काहीही दोष नसताना, वाट बघत बसलेली. प्रत्यक्षात सगळ्यांचा दर सारखा नसतो, त्यामुळे वर्षाअखेर शंभरातल्या ऐंशी ते पंच्याऐंशींना दिवस राहतात आणि दोन वर्षांत नव्वदच्या वर. म्हणूनच डॉक्टर वर्षभर थांबा म्हणतात. बाईचं वय पस्तीसच्या वर असेल तर सहाच महिने, कारण तिथून उतार वाढत जातो आणि चाळिशीत महिन्याची संधी शंभरात पाचवर येते. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, तर तेवढंही थांबू नये. आणि माझ्यासारखीला आणखी एक गोष्ट. पस्तीस दिवसांची पाळी म्हणजे वर्षाला तेरा नाही, दहाच संधी.

ज्या बाईने मला ओटी भरताना अडवलं, तिला हे पान दाखवावं असं मला कितीदा वाटलं.

नोव्हेंबरात पाळीच्या आठव्या दिवशी गर्भाशयाच्या नळ्यांची तपासणी झाली. गर्भाच्या पिशवीत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. पाळीत दुखतं तसं जोरात दुखलं, पाच-सात मिनिटं. दोन्ही नळ्या मोकळ्या. जानेवारीत यांचा दुसरा रिपोर्ट आला, १ कोटी ९० लाख, हालणारे ४१. आम्ही पेढे न्यायच्या तयारीत होतो. मॅडमनी सरळ सांगितलं की हे मावा सोडल्यामुळं, ताप मागं पडल्यामुळं, की आकडा मुळातच वर-खाली होतो म्हणून, ते ठामपणे म्हणता येणार नाही. पण आता रेषेच्या जवळ आहे, आणि मावा मात्र सुटलेलाच राहू दे.

ठरलं ते असं. पुढचे सहा महिने आपले आपण, दिवस सांभाळून. चौदाव्या दिवसापासून तेविसाव्या दिवसापर्यंत एक-दोन दिवसाआड, पट्ट्या-सोनोग्राफीच्या मागं न लागता. त्यानंतर आययूआय, म्हणजे शुक्रजंतू धुऊन-निवडून बीज सुटायच्या वेळी थेट पिशवीत सोडायचे; त्याची संधी दर खेपेला शंभरात दहा-पंधरा. तीन वेळा करून बघायचं. टेस्ट ट्यूब त्याच्या पुढं. त्यातही पस्तिशीच्या आतल्या बाईला एका खेपेला साधारण तीनात एकदा यश येतं. हे मला आधी माहीत असतं तर बाग गहाण टाकायचा विचार करताना मी तेवढं तरी विचारलं असतं.

तीन महिने झाले. तिन्ही वेळा पाळी आली. पहिल्या वेळी मी कामावर बाथरूममध्ये जाऊन रडले. तिसऱ्या वेळी रडले नाही, वहीत ओळ लिहिली आणि सौद्याच्या पट्ट्यांचा हिशेब पुढं चालू केला. वाईट वाटतं, ते वाटणारच. पण आता वाटणाऱ्या वाईटात ती जुनी भीती नसते, माझ्यात काहीतरी वाईट आहे अशी.

यांनी मागच्या महिन्यात एक गोष्ट केली. चुलतदिराच्या लग्नाला चार वर्षं झाली, जाऊबाईंच्या तीन डॉक्टरांकडं फेऱ्या झाल्या, दिराने एकदाही तपासलं नाही. यांनी त्याला बागेत बोलावून काय सांगितलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मोटारसायकलवरून मिरजेला गेले. निघताना हे मला म्हणाले, "त्या काउंटरवरच्या पोराला मी आधी जाऊन सांगतो, हळू बोल म्हणून."

एप्रिल चालू आहे, खरड छाटणी झाली, डोळे फुटायला लागलेत. कॅलेंडरवर आता गोल नसतो. चौदापासून तेवीसपर्यंत दहा तारखांखाली पेनाने सरळ रेघ असते, लांबून दिसेल अशी. आत्यांनी परवा ती बघितली, विचारलं, मी सांगितलं, बीज, दिवस, मागून मोजणं, सगळं. त्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमाला कुणी सांगितलंच न्हाई गं."

उद्या माझा सोळावा दिवस. बागेत या आठवड्यात रात्रीची लाईट आहे. यांनी शेजारच्या बागवाल्या मामांना सांगून ठेवलंय, आठवडाभर मोटर तुम्ही चालू करा, पुढच्या आठवड्यात तुमचं पाणी मी बघतो.